तासाला बसून नेमके काय मिळते? बी.एस्सी.च्या एका विद्यार्थ्याला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, काटोलजवळच्या गावाहून एसटीने रोज नागपूरला येता आणि येण्याजाण्यात तीन तास जातात. कॉलेजला पोहोचल्यावर कधी तास होतो, कधी होत नाही. झालाच तर एक प्राध्यापक पीपीटी वाचून दाखवतात आणि तोच भाग यूट्यूबवर अधिक चांगला समजतो. स्पर्धा परीक्षेसाठी तुम्ही अभ्यासिकेत जागाही लावली आहे. मग ७५ टक्के हजेरी भरेल एवढेच कॉलेज करून उरलेला वेळ अभ्यासिकेत घालवला तर काय बिघडते, असे तुम्ही विचारले आहे, आणि शेवटी ‘खरे सांगा, भाषण नको’ असेही लिहिले आहे. मी नागपुरातल्या एका महाविद्यालयात २६ वर्षे रसायनशास्त्र शिकवते आहे आणि त्यातली बरीच वर्षे हजेरीचा हिशेब पाहणाऱ्या समितीवर होते, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मी रोज पाहते.

तुमचे एक म्हणणे मी आधीच मान्य करते. तासाला बसून फक्त माहिती मिळवायची असेल, तर आज तिच्यासाठी काटोलहून नागपूरला येण्याची गरज उरलेली नाही. पुस्तक आहे, व्हिडिओ आहेत, मित्राच्या वहीचे फोटो व्हॉट्सॲपवर येतात. माझी अडचण वेगळी आहे. तुम्ही तासाचा सगळा हिशेब माहितीच्या मापाने मांडला आहे आणि त्या मापात न बसणारी गोष्ट हिशेबातून सुटली आहे. मला जे सुटलेले दिसते ते असे: आपली चूक वेळेवर दुसऱ्याच्या नजरेस पडणे. हे मोघम वाटेल, म्हणून वर्गातलेच एक उदाहरण घेते.

सेंद्रिय रसायनशास्त्रात अभिक्रियेची मेकॅनिझम, म्हणजे ती पायरीपायरीने कशी घडते ते, लिहिताना आपण वाकडे बाण काढतो. इलेक्ट्रॉनची जोडी कुठून निघून कुठे जाते ते बाण दाखवतो, म्हणून तो नेहमी इलेक्ट्रॉन जिथे आहेत तिथून निघतो. कार्बोनिल गटातल्या (कार्बन आणि ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेल्या गटातल्या) ऑक्सिजनला प्रोटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजन, जोडला जातो ही अगदी साधी पायरी घ्या. इथे बाण ऑक्सिजनवरच्या जोडीपासून प्रोटॉनकडे जायला हवा. पण दरवर्षी वर्गातली निम्मी मुले तो प्रोटॉनपासून ऑक्सिजनकडे काढतात, कारण मनात चित्र असते की प्रोटॉन ‘जाऊन चिकटतो’. गंमत पाहा, याच मुलांनी बरोबर बाण फळ्यावर पाहिलेला असतो, व्हिडिओत पाहिलेला असतो, मान डोलावलेली असते आणि ‘समजले का’ म्हटल्यावर ‘हो’ असे उत्तरही दिलेले असते. पाहताना ते खरोखरच समजलेले असते. चूक निघते ती स्वतः कागदावर काढताना, आणि ज्याने काढली त्याला ती दिसत नाही, कारण त्याच्या लेखी ते चित्र बरोबरच असते.

वर्गात मी पाच मिनिटे देते आणि बाकांमधून फिरते. एखाद्या वहीवर बोट ठेवून ‘प्रोटॉनकडे इलेक्ट्रॉन आहेत तरी कुठे?’ एवढेच विचारते. मुलगा क्षणभर थांबतो, स्वतःच बाण खोडतो आणि पुन्हा काढतो. या सगळ्याला अर्धे मिनिट लागते, पण ते अर्धे मिनिट त्या दिवशीच मिळते. जो त्या दिवशी नव्हता तो चुकीचा बाण घेऊन पुढच्या धड्यात जातो, तिथे त्यावर दुसरी पायरी रचतो, मग तिसरी, आणि हिवाळी परीक्षेच्या आदल्या रात्री त्याला सगळेच पाठ करावे लागते, कारण काहीच एकमेकांत बसत नाही. असे विद्यार्थी नंतर मला सांगतात की ऑरगॅनिक फार अवघड विषय आहे. विषय अवघड आहेच, पण त्यांच्या वाट्याला तो दुप्पट अवघड होऊन आलेला असतो. यूट्यूबवरची व्यक्ती माझ्यापेक्षा उत्तम शिकवत असेल, ते मी आनंदाने मान्य करीन. तिला फक्त तुमची वही दिसत नाही.

प्रॅक्टिकलच्या बाबतीत मी याहून कडक आहे. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचे टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणात दुसरे थेंबाथेंबाने सोडून त्याचे प्रमाण मोजणे, तुम्ही केले असेल किंवा लवकरच कराल. आम्लाचे द्रावण गरम करून घ्यायचे, ब्युरेटमधून (खुणा असलेल्या, खाली तोटी असलेल्या काचनळीतून) परमँगनेट सोडायचे आणि फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचे, इतके जर्नलमध्ये लिहिलेले असते. प्रत्यक्षात पहिले काही थेंब पडतात तेव्हा गुलाबी रंग लवकर जातच नाही. नवख्या मुलाला वाटते की एंड पॉइंट, म्हणजे अभिक्रिया पूर्ण झाल्याची खूण, आला, आणि तो अर्ध्या मिलिलिटरवर रीडिंग लिहून मोकळा होतो. खरे तर अभिक्रिया सुरुवातीला संथ असते. तिच्यातून तयार होणारे मँगॅनीजचे आयन पुढे स्वतःच उत्प्रेरकाचे काम करतात, आणि मग रंग पडताच नाहीसा होऊ लागतो. तो थांबलेला रंग आणि नंतरची ती घाई एकदा डोळ्यांनी पाहिली की स्वयंउत्प्रेरण हा शब्द जन्मभर विसरत नाही. ब्युरेटच्या रीडिंगचेही तसेच आहे. आपण नेहमी द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाची खालची कड वाचतो, पण परमँगनेट इतके गडद असते की खालची कड दिसतच नाही, म्हणून वरची वाचावी लागते. हे शेजारी उभे राहून कुणीतरी सांगावे लागते. मित्राचे जर्नल उतरवून रेकॉर्ड सर्टिफाय करून घेता येते. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक ‘कोणती कड वाचलीस?’ असे विचारतात तेव्हा उतरवलेले जर्नल उपयोगी पडत नाही.

हा केवळ माझा अनुभव आहे असे तुम्ही म्हणाल, तर मोठ्या प्रमाणावरचा एक पुरावाही सांगते. २०१० मध्ये मार्कस क्रेडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन हजेरी आणि गुण यांच्यावर तोवर झालेल्या अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून तपासली होती. तीत २१ हजारांहून अधिक विद्यार्थी येत होते. शाळेतले गुण, प्रवेश परीक्षेतले गुण किंवा अभ्यासाच्या सवयी यांच्यापेक्षा वर्गातली हजेरी पाहून महाविद्यालयातल्या गुणांचा अंदाज अधिक चांगला बांधता येतो, असे त्यांना आढळले. माझ्या मनातही पहिली शंका हीच आली होती की मुळातच कष्टाळू मुले वर्गात येतात आणि त्यांनाच गुण मिळतात, मग हजेरीचे त्यात काय? पण हजेरीचा विद्यार्थ्याच्या कष्टाळूपणाशी किंवा इच्छेशी असलेला संबंध त्याच विश्लेषणात क्षीण आढळला, म्हणजे हजेरी तिचे म्हणून काहीतरी वेगळे काम करत होती. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हजेरीची सक्ती केल्याने सरासरी गुणांत पडलेला फरक त्यांना लहानच दिसला. नुसते दारातून आत ढकलून फार काही साधत नाही, हे मलाही समितीवर असताना पटत गेले.

आता नियमांकडे येते, कारण ‘७५ टक्क्यांपुरते’ हा शब्द तुम्ही सहज वापरला आहे. पहिली गोष्ट, हा आकडा सगळीकडे सारखा नाही. बी.फार्म.ला प्रत्येक विषयात ८० टक्के लागतात, एलएल.बी.ला बार कौन्सिलच्या नियमांत ७० टक्के आहेत, एमबीबीएसला थिअरीत ७५ आणि प्रॅक्टिकलमध्ये ८० टक्के लागतात. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरून मिळणाऱ्या काही शिष्यवृत्त्यांनाही हजेरीची अट असते, तेव्हा तुमच्या योजनेची अट स्वतः वाचून घ्या, कुणाच्या ऐकीव माहितीवर राहू नका. दुसरी गोष्ट हिशेबाची. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत थिअरीचे एक क्रेडिट म्हणजे १५ तास. दोन क्रेडिटचा पेपर म्हणजे ३० तास, त्यातले ७५ टक्के म्हणजे २३ तास, म्हणून सबंध सत्रात सात तास चुकवता येतात. हे भरपूर वाटते. पण आठवड्यातून एकदाच येणाऱ्या प्रॅक्टिकलच्या १५ पाळ्यांपैकी १२ लागतात, म्हणजे चुकवता येतात त्या फक्त तीन. सण, सुट्ट्या आणि परीक्षांची कामे यांत पाळ्या कमी होऊन ११ झाल्या, तर ९ लागतात आणि दोनच चुकवता येतात. एक ताप आणि एक घरचे लग्न यांतच त्या संपतात. जो विद्यार्थी ऑगस्टमध्ये ठरवून चुकवतो, त्याच्याकडे ऑक्टोबरमध्ये आजारी पडायला जागा उरत नाही. हजेरी कमी भरलेली जी मुले डोळ्यांत पाणी आणून ऑफिससमोर उभी राहतात, त्यांच्यातली बहुतेक बेफिकीर नसतात. त्यांनी आधी चुकवलेले दिवस साधे होते आणि नंतर चुकलेले खरोखर नाइलाजाचे होते, एवढेच झालेले असते.

इथे मला स्वतःची एक चूक सांगावीशी वाटते. बऱ्याच वर्षांपूर्वी सत्र संपताना मी हजेरीपट उघडला आणि एका मुलीची हजेरी फार कमी निघाली. नियमाप्रमाणे तिचे नाव यादीत टाकले आणि तिचे ते सत्र वाया गेले. पुढे कळले की तिची आई तीन महिने मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या शासकीय रुग्णालयात, भरती होती, घरी दोन लहान भाऊ होते आणि ती सकाळी स्वयंपाक करून, डबा दवाखान्यात पोहोचवून मिळेल तेव्हा कॉलेजला येत होती. तिने आम्हाला सांगितले नाही, आणि आम्हीही तिला विचारले नाही. तिच्या नावापुढे तिसऱ्या आठवड्यापासून गैरहजेरीच्या खुणा पडत होत्या, तो कागद माझ्या कपाटात होता, आणि मी तो शेवटच्या आठवड्यात वाचला. तेव्हापासून मी प्रत्येक सत्राच्या चौथ्या आठवड्यात हजेरीपट घेऊन बसते आणि सलग दोन प्रॅक्टिकल चुकलेल्या प्रत्येकाला बोलावते. कधी उत्तर साधे असते, कधी नसते. गैरहजेरी अशी एकदम मोठी होत नाही. एक दिवस चुकतो, दुसऱ्या दिवशी मागचे समजत नाही म्हणून बसायला संकोच वाटतो, म्हणून तिसरा दिवस चुकतो, आणि मग वर्गाचे दारच परके वाटू लागते. वर्गात येत राहणाऱ्या मुलाची अडचण आम्हाला त्याच्या चेहऱ्यावर दिसते. न येणाऱ्याची दिसायला फार उशीर होतो. रोज येण्याचा हा उपयोग कुठल्याही माहितीपुस्तिकेत लिहिलेला नसतो, म्हणून सांगितला.

तुमच्या पीपीटी वाचणाऱ्या प्राध्यापकांबद्दल मी त्यांची वकिली करणार नाही. पडद्यावरच्या ओळी वाचून दाखवणे म्हणजे शिकवणे नव्हे, आणि त्यासाठी तीन तासांचा प्रवास करणाऱ्या मुलाला राग आला तर तो रास्त आहे. फक्त दोन गोष्टी तुम्हाला माहीत असाव्यात. आपल्याकडे अनेक महाविद्यालयांत पूर्णवेळ जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत आणि बरेच तास तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक घेतात. त्यांना घेतलेल्या तासाप्रमाणे मानधन मिळते. वर्गात मुलेच आली नाहीत तर तास होत नाही, आणि तास झाला नाही तर त्या माणसाचे तेवढे मानधनही बुडते. ‘कधी तास होतो, कधी होत नाही’ असे तुम्ही लिहिले आहे, त्याचे एक कारण इथेही असू शकते. दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या शिकवण्यातली आहे. ऐंशी जणांच्या खोलीत नऊ मुले बसलेली असतात त्या दिवशी मी वाईट शिकवते. कुणाला समजले, कुठे अडले, हे वाचायला चेहरेच नसतात, आणि मग मीही फळ्याकडे तोंड करून भाग संपवू लागते. वर्ग रिकामा होतो म्हणून तास निर्जीव होतो आणि तास निर्जीव होतो म्हणून वर्ग आणखी रिकामा होतो; ही गाठ मी अनेक वर्गांत बसताना पाहिली आहे, आणि दोन-चार मुलांनी ती सोडवलेलीही पाहिली आहे. त्यांनी केले एवढेच की आदल्या संध्याकाळी पुढच्या दोन पानांचे वाचन करून एक प्रश्न वहीत लिहून आणला आणि तास सुरू होताच तो विचारला. पीपीटी वाचणाऱ्या माणसालाही प्रश्न आला की पडद्यापासून वळावे लागते. तुम्ही पंधरा दिवस हे करून पाहा.

तरीही प्रत्येक तासाला प्रत्येकाने यायलाच हवे असे मी म्हणत नाही, कारण परिस्थिती सारखी नसते. हिंगणा एमआयडीसीत रात्रपाळी करून शिकणारा एक मुलगा माझ्याकडे होता. सत्राच्या दुसऱ्याच आठवड्यात तो आला आणि म्हणाला, ‘मॅडम, सकाळचे सगळे तास मला जमणार नाहीत, कोणते सोडू ते तुम्हीच सांगा.’ आम्ही दोघांनी टाइमटेबल समोर ठेवले. प्रॅक्टिकलची बॅच दुपारची करून दिली, मेकॅनिझम आणि गणिते सोडवण्याचे तास सोडायचे नाहीत असे ठरले, आणि ज्या भागाचे वाचून भागते त्या तासांना त्याला झोप मिळाली. डुलकी लागू नये म्हणून तो मुद्दाम पहिल्या बाकावर बसायचा. आज तो बुटीबोरीला एका कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल विभागात काम करतो. त्याने विचारून सोडले आणि सोडलेले दुसरीकडून भरून काढले, त्यामुळे त्याचे निभावले. ‘हे सगळे यूट्यूबवर आहे’ असे म्हणून सोडणाऱ्यांपैकी खरोखर तो व्हिडिओ त्याच आठवड्यात, वही-पेन घेऊन, शेवटपर्यंत पाहणारे किती असतात, हे तुम्ही स्वतःच्या मागच्या सत्राकडे पाहून ठरवा; ते उत्तर मला कळवण्याची गरज नाही.

अभ्यासिकेचा वेळही मला तुमच्याकडून काढून घ्यायचा नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी अनेक मुले पदवीकडे केवळ अर्जातला एक रकाना म्हणून पाहतात आणि मग बॅकलॉग काढण्यात जी वर्षे जातात ती तयारीतूनच वजा होतात. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षाही वर्णनात्मक झाली आहे. वेळ लावून, सलग, मुद्देसूद लिहिण्याचा सराव तुम्हाला लागणारच आहे. वर्गातली चाचणी, सेमिनार, असाइनमेंट यांवर अंतर्गत गुण तर मिळतातच, शिवाय लिहिलेले कुणीतरी तपासून परत देते, आणि अभ्यासिकेच्या खुर्चीत ते मिळत नाही.

तेव्हा तुमच्यापुरते सांगायचे तर मी असे करीन. प्रॅक्टिकल एकही सोडणार नाही. ज्या विषयात आपल्या हाताने काही सोडवावे किंवा काढावे लागते, त्याचे तास धरीन. ज्या पेपरची पीपीटी खरोखर वाचूनच दाखवली जाते, त्याचे सुरुवातीचे पंधरा दिवस प्रश्न घेऊन बसून पाहीन आणि मगच त्याबद्दल मत बनवीन. दोन तासांच्या मधे जो रिकामा वेळ सापडतो तो कॅन्टीनमध्ये न घालवता कॉलेजच्या ग्रंथालयात स्पर्धा परीक्षेला देईन, म्हणजे अभ्यासिकेतले तेवढे तास कमी झाले तरी चालतील. एसटीतल्या तीन तासांपैकी परतीचा दीड तास त्या दिवशीची वही उघडून फक्त एवढे पाहण्यासाठी ठेवीन की आज काय खोडले आणि का खोडले.

आणि एक गोष्ट या आठवड्यातच करा. घरी संत्र्याची बाग आहे आणि अंबिया बहाराच्या फळांच्या तोडणीला वडिलांबरोबर थांबावे लागते, असे तुम्ही प्रश्नात ओझरते लिहिले आहे. ते ओझरते ठेवू नका. तोडणी ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दरम्यान येणार हे तुम्हाला आजच माहीत आहे, तर अंदाजे तारखा घरी विचारून एका कागदावर लिहा आणि विभागप्रमुखांना आत्ताच भेटून द्या. त्या आठवड्यातले प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचबरोबर करता येईल का, तेही विचारा. तोडणी संपल्यावर विचारले तर तीच गोष्ट सबब वाटते, आणि बॅच बदलून द्यायची वेळही तोवर निघून गेलेली असते. ज्या मित्राकडून मधल्या दिवसांची वही घ्याल, त्याच्याकडून तिचे नुसते फोटो मागवू नका. अर्धा तास त्याच्या शेजारी बसा, पान झाकून मेकॅनिझम स्वतः काढा आणि तुमचा बाण कुठून निघाला ते त्याला पाहू द्या.